उन्हाळ्यात क्रॉस कंट्रीची टीम कशी उभी करायची: सोलापुरातल्या नवीन पीटी टीचरसाठी

परवा एका नवीन पीटी सरांचा फोन आला, मॅडम यंदा क्रॉस कंट्रीची टीम काढायची म्हणतोय, सुट्टीत पोरांकडून काय करून घेऊ. मी पाऊण तास बोलत बसले, भाजी करपली, आणि मग वाटलं की हे एकदा लिहूनच काढावं, म्हणजे पुढच्याला लिंक पाठवता येईल. तर हे तसं आहे, जसं सुचेल तसं लिहिलंय, पण क्रम मात्र तोच ठेवा.

आधी मार्कांचं गणित समजून घ्या

हे नवीन लोक वगळतात आणि तिथेच सगळं चुकतं. क्रॉस कंट्रीत, म्हणजे ट्रॅक सोडून माती-शेतातून लांब पळायच्या शर्यतीत, टीमचा निकाल नंबरांच्या बेरजेवर लागतो, ज्याची बेरीज कमी तो जिंकला. वर्ल्ड क्रॉस कंट्रीत एका देशाचे सहा जण पळतात आणि पहिल्या चौघांचे नंबर धरतात. शालेय स्पर्धेला किती धरणार ते त्या वर्षीच्या परिपत्रकात असतं, ते नीट वाचा. आता समजा तुमच्याकडे दोन वाघ आहेत, पहिला आणि दुसरा आले, पण तिसरा पोरगा पंधरावा आणि चौथा तिसावा आला, बेरीज ४८. समोरच्या शाळेचं एकही पोरगं पहिल्या पाचात नाही, सातवा, नववा, अकरावा, चौदावा, बेरीज ४१. ट्रॉफी त्यांची. आमच्याबरोबर अगदी असंच झालं होतं, माझी दोन पोरं मेडल गळ्यात घालून रडत होती.

म्हणून उन्हाळ्याचं सगळं काम चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या पोरासाठी करायचं. पहिला नंबर येणारा पोरगा तुमच्याशिवायही पळणार आहे, त्याला तुम्ही फक्त अति करण्यापासून अडवायचंय.

पोरं निवडताना

शंभर मीटरला पहिला येणारा घेऊ नका, तो पहिल्या आठवड्यात कंटाळतो. लांबून सायकलवर शाळेत येणारी, कबड्डीत शेवटपर्यंत दम न सोडणारी, कामाची सवय असलेली पोरं बघा. सहा हवीत तर दहा-बारा घ्या कारण सुट्टीत दोन मामाच्या गावाला जातात, एकाला आंबा बाधतो, एकाच्या ताईचं लग्न निघतं. मुलींची टीम वेगळी काढा आणि पहिल्या दिवसापासून काढा, ‘मुलं झाली की बघू’ म्हटलं की ती कधीच निघत नाही.

मग घरी जा

फोनवर परवानगी मागू नका. संध्याकाळी घरी जाऊन चहा घ्या. आमच्याकडे पूर्व भागातली बरीच पोरं आहेत, वडील लूमवर, आई विड्या वळते, एका आईने सुपातून मान वर न काढता विचारलं, “पळून काय मिळणार ओ मॅडम?” इथे खोटं बोलायचं नाही. नोकरी लागेल, मार्क वाढतील असली आश्वासनं द्यायची नाहीत, क्रीडा गुणांचे नियम असतात आणि ते सगळ्यांना लागू होत नाहीत. मी एवढंच म्हणाले, दोन महिने पोरगी साडेनऊला झोपेल, पहाटे स्वतः उठेल आणि मोबाईल कमी बघेल. आई म्हणाली, मग उद्यापासूनच न्या की.

मुलींच्या घरी पहाटेच्या अंधाराचा प्रश्न येतोच आणि तो रास्त आहे. आम्ही गल्लीवार गट केलेत, तीन मुली एकत्र निघणार, एक पालक आळीपाळीने सोबत, पोचल्यावर ग्रुपवर ‘पोचलो’ टाकायचं. आणखी एक, घरी नळाला पाणी कधी येतं ते विचारून ठेवा. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी घागरी भरायला घरातलं पोरगंच लागतं, तेव्हा त्या दिवशी गैरहजर म्हणून ओरडण्यात काही अर्थ नाही. मी प्रत्येकाचा पाण्याचा दिवस वहीत लिहिते आणि शक्य तेवढ्यांची सुट्टी त्याच दिवशी टाकते.

वेळ आणि जागा

मे महिन्यात सोलापुरात सहाच्या आधीच सूर्य वर आलेला असतो आणि आठ वाजता तो अंगावर येतो. त्यामुळे सव्वापाचला जमायचं, साडेपाचला पाय हलायला हवेत आणि साडेसहाला सगळं संपवून सावलीत. संध्याकाळी पळवू नका. पारा चाळीसच्या वर गेलेला असतो आणि डांबर, भिंती, मैदान सगळं तापून निघालेलं असतं, दिवे लागले तरी खालून झळ येतच राहते. संध्याकाळी फार तर शाळेच्या व्हरांड्यात व्यायाम घ्या.

जागा मऊ शोधा. होम मैदान, कंबर तलावाची बाजू, विजापूर रोडकडचे मातीचे रस्ते, शहराबाहेर शेतातल्या पाणंदी. डांबरी रस्त्यावर रोज पळवलं की तिसऱ्या आठवड्यात नडग्या धरतात. पाणंदीत मात्र वेड्या बाभळीचे काटे, पातळ सोलच्या बुटातून आरपार जातात, त्यामुळे आदल्या दिवशी स्वतः एक चक्कर मारून या.

कुत्री. याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पहाटे टोळी अंगावर आली तर पळायचं नाही, थांबायचं, एकत्र उभं राहायचं, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकायचं. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि त्याच दिवशी इंजेक्शनला न्यायचं. हळद-चुना काही लावायचं नाही.

पहिले दोन आठवडे: हळू, त्याहून हळू

परीक्षा संपल्या संपल्या, एप्रिलच्या शेवटी सुरू करा. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. दुसऱ्या आठवड्यात चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, पंचवीस मिनिटं. बस्स. किलोमीटर मोजू नका, घड्याळ बघा.

अंगाला उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, घाम लवकर सुटायला लागतो, रक्तातलं पाणी वाढतं, तेच पळणं मग सोपं वाटतं. ही सवय झाल्याशिवाय वेग वाढवला तर पोरगं आजारी पडतं, त्यात पोराची काही चूक नसते.

हळू म्हणजे किती? आमच्याकडे सतराचा पाढा. पळता पळता मोठ्याने म्हणायचा, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, आणि ओळीच्या मध्येच दम तुटला तर तू जोरात पळायलास, मागे ये. पाढा चुकला तरीही मागे ये, हा माझा स्वतःचा नियम. पहाटे बारा पोरं बोंबलत पाढे म्हणतायत हे बघून फिरायला आलेले काका लोक थांबून बघतात. गणिताच्या सरांनी जूनमध्ये मला पेढा दिला होता.

आता एक मोठी अडचण सांगते. आपल्या प्रत्येक मैदानावर पहाटे भरतीची पोरं असतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्यामुळे ती रोज जीव तोडून तेवढंच पळतात आणि मग गुडघ्यावर हात ठेवून ओकतात. आमची पोरं ते बघून म्हणतात, “मॅडम, त्ये बघा की कसं पळायलेत, आपण म्हाताऱ्यासारखं काय करायलोय?” त्यांना समजावून सांगा की त्यांची परीक्षा वेगळी आहे. अठरा वर्षांखालच्या राष्ट्रीय क्रॉस कंट्रीला मुलांना ६ किलोमीटर आणि मुलींना ४ किलोमीटर पळायचं असतं, सोळाखालच्यांना २. आठ मिनिटांचा जोर दाखवून सहा किलोमीटर निघत नाहीत.

उन्हाचं: हे दोनदा वाचा

पहिल्या वर्षी मी मे महिन्यात तीन किलोमीटरची टाइम ट्रायल (घड्याळ लावून पळवणं) ठेवली, सातची वेळ दिली, सगळे जमून निघता निघता पावणेआठ झाले. आठवीतला एक पोरगा शेवटच्या राउंडला वाकडातिकडा पळायला लागला आणि मी शिट्टी वाजवत ओरडत होते, पळ रे, सोडू नको. तो माझ्यापाशी आला आणि विचारलं, “मॅडम, आज गणिताचा पेपर कितीला आहे?” परीक्षा संपून तीन आठवडे झाले होते. अंग तव्यासारखं तापलेलं. नशिबाने शेजारी पाण्याचा हौद होता, शर्ट काढून बादल्याच्या बादल्या ओतल्या, चादरीच्या दुकानातला एक काका शटर उघडत होता त्याने टॉवेलचा गठ्ठा आणून दिला, ते भिजवून काखेत, मानेवर, जांघेत लावले. पोरगं वाचलं. माझी झोप मात्र आठवडाभर उडाली होती, चूक सगळी माझीच होती.

तर नियम असा की असंबद्ध बोलणं, अडखळत चालणं, चिडचिड, अंग भाजणं यातलं काही दिसलं की आधी गार करा आणि मग न्या. कोणीतरी १०८ लावेल, तोवर तुमचे हात पाणी ओतत राहिले पाहिजेत. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. नुसती चक्कर, मळमळ, पायात गोळा असेल आणि बोलणं ठीक असेल तर सावली, पाय वर, थोडं थोडं ओआरएस, आणि त्या दिवशीचं पळणं बंद.

ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात अख्खं टाकायचं, अर्धं-पाव अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लिंबू चवीला. मी भंगारातून एक वजनकाटा आणलाय, आठवड्यातून एकदा पळण्याआधी आणि नंतर वजन बघतो. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला, तेवढं पाणी दुपारपर्यंत पोटात परत जायला हवं. पोरांना हे फार आवडतं, कोणाचा जास्त घाम गेला याची पैज लावतात, लावू दे. आणि लघवीचा रंग बघायला शिकवा, लिंबू सरबतासारखी फिकट ठीक, मोहरीच्या तेलासारखी झाली तर पाणी कमी पडतंय.

तिसऱ्या आठवड्यापासून

आता सलग पळणं. आठवड्यात पाच दिवस, त्यातले तीन साधे, पाढ्याच्या वेगाने पंचवीस ते पस्तीस मिनिटं. एक दिवस, रविवारी, लांब, चाळीस मिनिटांपासून सुरू करून आठवड्याला पाच मिनिटं वाढवत साठपर्यंत, त्यापुढे शाळकरी पोरांना गरज नाही. दर चौथ्या आठवड्याला सगळं थोडं कमी करा, वाढवतच नेलं की दुखणी येतात.

दोन साध्या दिवसांच्या शेवटी स्ट्राइड्स, म्हणजे ऐंशी मीटर मोकळेपणाने जोरात, जीव तोडून नाही, मग चालत परत, असे सहा. उन्हाळ्यात वेगाचं एवढंच पुरे. पाचवा दिवस सुरुवातीला खेळाचा ठेवा, लंगडी, खो-खो, काहीही, आणि सहाव्या आठवड्यापासून त्या दिवशी चढ. सोलापूर सपाट आहे हो, मान्य, पण तलावाचे भराव आहेत, हिप्परग्याकडे असा एक आहे, परवानगी विचारून एखादा मातीचा उतार धरा, तीस सेकंद वर, चालत खाली, सहा वेळा. काहीच नसेल तर शाळेचा जिना.

आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं ताकदीचं, पायरीवर टाचा वर-खाली पंधरा-पंधरा, बैठका, प्लँक, एका पायावर डोळे मिटून उभं राहणं. शेवटचं सोपं वाटतं, करून बघा.

नडगीवर लांबट पट्ट्यात दुखत असेल तर दोन-तीन दिवस सायकल किंवा चालणं द्या आणि मऊ जागा बदला. एकाच ठिकाणी बोट ठेवलं की पोरगं उडतंय, किंवा रात्रीही ठणकतंय, तर डॉक्टर, पळणं पूर्ण बंद, कारण हाडाला बारीक चीर असू शकते.

खाणं आणि बूट, थोडक्यात

प्रोटीनचे डबे विकत आणू नका. भाकरी, डाळ, शेंगाचटणी, दही, अंडी, केळी, यात सगळं आलं. पळण्याआधी अर्धं केळं किंवा गूळ-शेंगदाणे, आल्यावर तासाभरात पोटभर. मुलींना दम लवकर लागायला लागला, चेहरा उतरला तर रक्त तपासा, आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असणं फार कॉमन आहे. पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणानंतर लगेच चहा बंद, चहाने लोह अंगी लागत नाही. पाळी तीन महिने आली नाही तर पळण्याने होतं असं म्हणून सोडू नका, डॉक्टरकडे पाठवा, आणि हे बोलायला एक मॅडम टीममध्ये असू दे.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, अंगठ्यापुढे एक बोट जागा राहिली पाहिजे. महागाचे नकोत, मापाचे हवेत. अनवाणी पळायची सवय असलेल्या पोराला एकदम जाड बूट घालून पळवू नका, आठवडाभर चालायला द्या.

आता खरी डोकेदुखी, म्हणजे पोरं टिकवणं

बाराव्या-तेराव्या दिवशी पोरं गळतात. ठरलेलं. नवेपणा संपलेला असतो, लगीनसराई जोरात असते, रात्री लाईट जाते आणि गच्चीवर डास. इथे भाषणं देऊन काही होत नाही. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीग स्पर्धेत स्टीपलचेस (अडथळ्यांवरून तीन हजार मीटर) ८ मिनिटं ९.९१ सेकंदात पळाला, ललिता बाबर आपल्या माळशिरसला लागून असलेल्या माण तालुक्यातली, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीच्या फायनलला दहावी आली, हे मी सांगते, पोरं ऐकतात, डोळे मोठे करतात आणि दुसऱ्या दिवशी तरीही येत नाहीत. ही गोष्ट एकदा सांगायची, आणि त्यात दुष्काळी माळावरची पोरं आहेत एवढंच ठसवायचं.

काम करते ती वही. दहा रुपयाची. रोज तारीख, किती मिनिटं, पाढा कुठपर्यंत, काय दुखलं, किती झोप. एका पोराच्या वहीतली ओळ मला पाठ आहे, ‘१४ मे. २५ मिनिट. पाढा सतरा पंचे. डावी नडगी थोडी. रात्री लाईट गेली, बाबाने पेपरने वारा घातला.’ वही दर शनिवारी मी वाचते आणि खाली एक ओळ लिहिते, रिमार्क म्हणून नाही, उत्तर म्हणून. त्या ओळीखाली लिहिलं होतं, बाबांना माझा नमस्कार सांग. वडील लूमवरून सुटून दुसऱ्या दिवशी मैदानावर आले होते.

दुसरं म्हणजे शिट्टीचं पळणं, हे नक्की करा. सगळ्यांनी एकाच दिशेने आपापल्या वेगाने पळायचं, पंधरा मिनिटं झाली की मी शिट्टी वाजवते (मागे पोरांच्या हातात दुसरी शिट्टी असते, लांबवर ऐकू जायला), शिट्टी वाजली की जिथे असाल तिथून उलटं फिरायचं. आता शेवटचा पोरगा सगळ्यात पुढे असतो. वेग दोन्हीकडे सारखा ठेवला तर सगळे जवळपास एकत्रच पोचतात. ज्याला आयुष्यभर सगळ्यांच्या पाठीच दिसल्या त्याला एकदा मागून टापांचा आवाज ऐकू येतो, त्या दिवशी त्याचं तोंड बघा तुम्ही. आमची आत्ताची चौथ्या नंबरची मुलगी अशीच टिकली.

आणि हात जोडून सांगते, पळणं ही शिक्षा म्हणून देऊ नका. उशीर झाला, दोन राउंड मार. डबा विसरला, तीन राउंड. आपण पीटीवाले वर्षभर हेच करतो आणि मग सुट्टीत म्हणतो पळण्यात मजा आहे रे. उशिरा आलेल्याला मी पाण्याचे कॅन उचलायला लावते.

गावाला जाणाऱ्याला अडवू नका, चिठ्ठी द्या, आठवड्यात चार दिवस, वीस मिनिटं, पाढ्याच्या वेगाने. परत आल्यावर बुडालेलं भरून काढायला लावायचं नाही, एक आठवडा मागे जाऊन सुरू करायचं. ग्रुपवर कोणाचे टायमिंग टाकू नका, वॉइस नोट मागवा. एकाने अक्कलकोटकडच्या शेतातून पाठवली होती, त्यात अर्धा मिनिट धापा, मग त्याच्या आजीचा आवाज, “आरं कोण मागं लागलंय बे तुझ्या?” ती नोट आम्ही अजून लावतो.

वळीव आणि जून

मेच्या शेवटी वळवाचा पाऊस येतो. गडगडलं की मैदान सोडायचं, झाडाखाली नाही, पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. मात्र आभाळ उघडलं की दुसऱ्या दिवशी पोरांना काळ्या मातीत न्या. दहा पावलांत बुटाला किलोभर चिखल चिकटतो, पाय उचलून टाकावा लागतो, कोणी पडतं, कोणाचा बूट मागे राहतो. स्पर्धा पावसाळ्यात लागली तर तिथे हेच मिळणार आहे, आणि नुसत्या डांबरावर पळून आलेल्या टीम तिथेच फसतात. हळू पळवा, हसू द्या, काटे बघा.

शाळा जूनच्या मध्यात उघडते. त्याआधीच्या आठवड्यात एकच टाइम ट्रायल, तीन किलोमीटर, पहाटे साडेपाचला, उशीर झाला तर रद्द. निकाल लावताना पहिल्याचं नाव शेवटी वाचा, आधी चौथ्या आणि सहाव्यामधलं अंतर किती सेकंदांचं आहे ते फळ्यावर लिहा, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून रविवारी कोणी किती वेळ सलग पळालं ते वहीतून शेजारी मांडा. शाळा सुरू झाली की प्रॅक्टिस संध्याकाळी न्यायचा मोह होतो, पहिला महिना तरी सकाळचीच ठेवा, झोपेचं घड्याळ बसलंय ते मोडू नका. सकाळपाळीची शाळा असेल तर अर्धा तास आधी बोलवा आणि पाण्याच्या दिवसांची यादी नव्याने करा, कारण जूनमध्ये वेळापत्रक पुन्हा बदलतं.